डेन की डेम? : मोबाईलवरच्या जर्मनविषयी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुणांना पाठवायचे ठरले आणि त्यांना जर्मन शिकवण्याचे काम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आले. तेव्हापासून जर्मन हा केवळ पुण्या-मुंबईचा विषय राहिलेला नाही. हातकणंगल्यासारख्या तालुक्याच्या गावीही आयटीआय झालेली किंवा परिचारिकेचे शिक्षण घेणारी मुले ‘जर्मन कुठे शिकता येईल?’ असे विचारू लागली आहेत. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात विदेशी भाषा विभाग आहे, पण रोजचे जाणे-येणे सगळ्यांना जमत नाही. मोबाईल मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. विद्यापीठांनाही ही सोय हवीशी वाटते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरच्या अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. मग भाषेची पहिली पायरी पडद्यावरच चढवली तर काय बिघडले?

आधी या साधनांचे श्रेय त्यांना देऊ. १८८५ साली हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून स्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो निरर्थक अक्षरगट पाठ करी आणि काही काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात हे मोजी. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक श्रम वाया गेलेले दिसत. पुढे विसरण्याचा वेग मंदावे. योग्य अंतराने उजळणी केली तर पाठांतर टिकते, हे त्यातून पुढे आले. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइट्नर याने यावर खोक्याची युक्ती सांगितली. शब्दांच्या चिठ्ठ्या कप्प्यांच्या खोक्यात ठेवायच्या. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात जातो आणि उशिरा परत येतो. चुकलेला पहिल्या कप्प्यात जातो आणि लगेच येतो. आजच्या बहुतेक भाषा-ॲपांच्या पोटात हेच खोके आहे. संगणक त्याचा हिशेब न कंटाळता ठेवतो, हा त्याचा मोठा गुण. बुटाच्या रिकाम्या खोक्यात तेच काम चालते, हे शिक्षकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

ऐकण्याच्या बाबतीत तर मोबाईलने खरोखर क्रांती केली आहे. डॉइच वेलेची ‘निकोस वेग’ ही चित्रमालिका फुकट आहे. विमानतळावर बॅग हरवलेल्या निकोची ती गोष्ट आहे. तीत जर्मन माणसे जर्मन वेगाने बोलतात, हवे तिथे थांबवता येतात. पूर्वी आपल्याकडच्या विद्यार्थ्याला असे काही ऐकायला मिळणे दुर्मीळ होते.

परंतु एबिंगहाउसची अक्षरे मुद्दाम निरर्थक होती, आणि भाषा तशी नसते. आमचा आक्षेप इथून सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. ‘मी त्या माणसाला पाहतो’ आणि ‘मी त्या माणसाला पुस्तक देतो’. दोन्हीकडे आपण ‘माणसाला’च म्हणतो. पहिल्या ठिकाणी द्वितीया, दुसऱ्या ठिकाणी चतुर्थी, असे व्याकरणाच्या तासाला सांगतो खरे, पण कानाला फरक नाही. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात ‘डेन मान’ येते, दुसऱ्यात ‘डेम मान’. साहजिकच मराठी मूल इथे अडखळते. आता ‘मी चमचा घेतो’ हे वाक्य पाहा. निर्जीव कर्माला मराठीत प्रत्यय लागत नाही. जर्मनमध्ये मात्र पुल्लिंगी ‘डेअर ल्योफेल’चे ‘डेन ल्योफेल’ करावेच लागते. मूल ‘डेअर’ तसेच ठेवते. या दोन चुकांची कारणे अगदी वेगळी आहेत, आणि दोन्ही मराठीतून आलेली आहेत. पडदा दोन्हींवर सारखीच लाल खूण करतो. मूल दुसरा पर्याय दाबते, हिरवी खूण येते, गुण मिळतात. कळले काय? बहुधा एवढेच, की हा नाही तर तो. तीन पर्यायांत अंदाज बांधण्याची कला मात्र वाढते.

ड्युओलिंगोसारख्या साधनांत हे विशेष होते, कारण त्यांची घडण छोट्या वाक्यांच्या भाषांतरावर आणि रोजची हजेरी न मोडण्याच्या ओढीवर आहे. शिवाय आपला विद्यार्थी बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या पुलावरून जर्मनकडे जातो. मराठी माध्यमातल्या मुलाला हा वळसा विनाकारण पडतो. इंग्रजीला ज्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात त्या त्याच्या घरातच आहेत. डेअर-डी-दास ऐकून इंग्रज बिचकतो. आपल्याकडे तो-ती-ते आहेच. ‘दास किंट’ म्हणजे ते मूल, ‘दास हाउस’ म्हणजे ते घर. (सगळीकडे असे जुळत नाही: सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, दारही. तिथे खोके उपयोगी पडते.) ‘डू’ आणि ‘झी’ यांतला भेद तू आणि तुम्ही वापरणाऱ्याला शिकवावा लागत नाही. ‘त्साइट’, ‘त्सेन’ यांतला पहिला उच्चार ‘चाक’, ‘चमचा’ यांतल्या ‘च’चा आहे. मराठी मुलाला तो इंग्रजी शब्दाच्या शेवटी जाऊन शोधायला लावणे हा निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे.

आकड्यांचे तर नवलच आहे. पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस. जर्मनही ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’ असेच म्हणतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आले तेव्हा उठलेले वादळ वाचकांना आठवत असेल. जर्मनीतही ‘वीस-एक’ म्हणू द्या अशी मागणी करणारी संस्था आहे! वर्गात हे सांगितले तर आकडे दोन दिवसांत बसतात. एकोणतीसपाशी मात्र गाडी अडते, कारण जर्मन तिथे सरळ ‘नऊ आणि वीस’ म्हणतो. इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी बांधलेल्या धड्यात यातले काहीच येत नाही, येण्याचे कारणही नाही.

राहिला बोलण्याचा प्रश्न. गोएथे संस्थेच्या ए-१ परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे यांना २५-२५ गुण असतात आणि एकूण ६० मिळाले की उत्तीर्ण. म्हणजे बोलण्यात कच्चा असलेला विद्यार्थीही इथे निभावून जाऊ शकतो. बी-१ ला चारही भाग स्वतंत्र असतात आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात. तिथे दुसऱ्या उमेदवारासमोर बसून एखादा बेत ठरवायचा असतो: कधी भेटायचे, कोणी काय आणायचे. समोरचा काय म्हणेल हे आधी ठाऊक नसते. परदेशी नोकरीची दारे साधारण याच पातळीनंतर उघडू लागतात. वर्षभर पर्याय दाबून आलेल्या मुलाची उणीव उघडी पडते ती इथे, आणि तोवर घरच्यांचे पैसे आणि मुलाची उमेद दोन्ही खर्ची पडलेली असतात.

म्हणून पहिल्या सत्राचे सगळेच तास पडद्यावर ढकलण्याला आमचा विरोध आहे. शब्द, लिंगे, ऐकणे आणि टंकलेखनाचा सराव मोबाईलवर घरी खुशाल व्हावा. त्यातून वाचलेला वर्गाचा वेळ कमी करू नये. तो बोलण्याला आणि चुकांच्या चौकशीला द्यावा. शिक्षकाने आठवड्याच्या चुका फळ्यावर लिहून ‘इथे डेन का लिहिलेस?’ असे मराठीत विचारावे. मूल जे सांगेल, ‘माणसाला म्हणजे तेच ना सर’, ते कोणत्याही यंत्राच्या नोंदीत सापडणार नाही. अशा चुकांची एक वही कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या जर्मन शिक्षकांनी मिळून ठेवली, तर मराठी मुलांसाठीच्या जर्मन पुस्तकाचा अर्धा मजकूर तिच्यातच असेल.