आयजीईचं जनुक की ॲलर्जीचं? १९९४ चा एक पेपर वाचताना

पेपर चिकित्सकपणे कसा वाचायचा असं कुणी विचारलं की मी डेव्हिड मार्श आणि सहकाऱ्यांचा, 'सायन्स'मधला १९९४ चा पेपर पुढे करते. विषय आहे रक्तातल्या आयजीई या प्रतिपिंडाची पातळी आणि तिच्यामागची जनुकं. ॲलर्जीच्या संदर्भात तो सतत येतो, आणि बहुतेक वेळा अर्धाच वाचलेला असतो.

आधी पद्धत बघा. ११ आमिश कुटुंबांतली १७० माणसं, आणि त्यांतल्या सख्ख्या भावंडांच्या जोड्या. गुणसूत्राच्या एखाद्या जागी दोन भावंडांना आईबापांकडून आलेल्या प्रतींपैकी शून्य, एक किंवा दोन सारख्या मिळतात. ती जागा आयजीईवर खरंच परिणाम करत असेल, तर जास्त प्रती सारख्या असलेल्या जोडीत आयजीईचा फरक कमी हवा. बस, एवढंच तर्कशास्त्र. मार्श यांना असा दुवा पाचव्या गुणसूत्रावरच्या ५क्यू३१.१ या पट्ट्यात मिळाला, विशेषतः इंटरल्यूकिन-४ च्या जनुकापाशी. पटतंही, कारण बी पेशींना आयजीई बनवायला लावणारा हाच रेणू.

आता गाळली जाणारी ओळ. एखाद्या ठरावीक ॲलर्जनविरुद्धच्या, म्हणजे विशिष्ट आयजीईशी या पट्ट्याचा दुवा मिळालाच नाही. उलट विशिष्ट आयजीई नसलेल्या १२८ जोड्यांतही एकूण आयजीईचा दुवा टिकून राहिला. लेखकांनी हे सारांशातच लिहिलंय, लपवलेलं नाही. तरी 'ॲलर्जीचं जनुक सापडलं' असं म्हणायची घाई वाचणाऱ्यांना असते!

माझा आक्षेप निष्कर्षावर नाही, तो कुठेही उचलून लावण्यावर आहे. आमिश लोक आपसात लग्नं करतात, त्यांचं राहणीमानही बरंचसं एकसारखं. त्यामुळे परिसराचा गोंगाट कमी होतो आणि जनुकाचा आवाज ऐकू येतो. आमच्या होळीच्या आसपासचंच घ्या. कुपारी, वाडवळ, सामवेदी, कोळी असे समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, आणि लग्नं बरीचशी आपापल्यातच व्हायची. असा नमुना मिळाला तर कुणालाही मोह होईल. पण जंतांमुळेही एकूण आयजीई चढतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळालेलं मूल आणि त्या दिवशी घरी राहिलेलं त्याचं भावंड, यांच्यातला फरक तुम्ही कुठल्या जनुकाच्या नावावर मांडणार?

मुलांच्या बाबतीत वयाचंही भान हवं. आईचं आयजीई वारेतून बाळाकडे जात नाही. जन्मतः पातळी अगदी कमी असते आणि बालपणभर वाढत जाते. चार वर्षांची बहीण आणि अकरा वर्षांचा भाऊ यांचे आकडे वयाचा हिशोब न करता शेजारी ठेवले, तर तुम्ही वय मोजताय, वारसा नाही.

२०१० मध्ये मिरियम मोफॅट आणि सहकाऱ्यांनी १०,३६५ दमेकरी आणि १६,११० इतर लोकांचे जीनोम तपासले. एकूण आयजीई वाढण्याचा दमा होण्यात वाटा किरकोळ, असा त्यांचा निष्कर्ष. बालपणी सुरू होणाऱ्या दम्याशी जोडलेली जागा निघाली सतराव्या गुणसूत्रावर, ओआरएमडीएल३ जनुकापाशी. हा पेपर मार्श यांच्याशेजारी ठेवूनच वाचा. आणि स्वतःच्या प्रस्तावात 'ॲलर्जी' लिहिलंय तिथे तुम्ही नक्की काय मोजणार आहात ते लिहा: एकूण आयजीई, विशिष्ट आयजीई, की मुलाचा दमा? तिन्हींसाठी नमुनाही वेगळा लागेल आणि आईवडिलांना विचारायचे प्रश्नही.