हक्काचे नूडल्स

मराठी माणसानं समीक्षेच्या तावडीतून फारसं काही सुटू दिलेलं नाही. कवितेची समीक्षा झाली, नाटकाची झाली, आणि त्या समीक्षांचीही समीक्षा झाली. गवयाचा षड्ज किती हलला यावर माजघरापासून मंडपापर्यंत भांडणं झाली. मिसळीचं तर विचारूच नका. पुण्याची, कोल्हापूरची आणि नाशिकची मिसळ यांच्यावरून ठरत आलेली लग्नं मोडली नसतील, पण लांबली नक्की असतील. मात्र स्टेशनबाहेर, रिक्षास्टँडच्या पलीकडे, लाल रंगाच्या गाडीवर रोज संध्याकाळी जे नूडल्स परतले जातात, त्यांच्याबद्दलची आपली सगळी समीक्षा दोन वाक्यांत आटोपते. एक, "मस्त आहे." दुसरं, "पोटाला बरं नाही." यातलं पहिलं स्वतः खाताना म्हणायचं असतं, दुसरं मुलं मागतात तेव्हा.

हा अन्याय आहे. बाहेरून या गाड्या सारख्या दिसतात हे कबूल. सगळ्यांवर एक पिवळा ड्रॅगन असतो. तो बहुधा गणपतीचा मंडप रंगवणाऱ्याच पेंटरनं काढलेला असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर क्रौर्यापेक्षा वात्सल्य जास्त असतं. पाटीवर 'शेजवान' हा शब्द चार ओळींत चार प्रकारे लिहिलेला असतो. लाल स्टुलं, पत्र्याचे पाण्याचे जग, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरच्यांची बाटली, सगळं सारखं. पण नूडल्स? दोन गाड्यांच्या नूडल्समध्ये दोन गवयांच्या यमनाइतका फरक असतो.

इथं एक शुद्धतावादी हटकून आडवा येतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कंपनीच्या खर्चानं अकरा दिवस शांघायला जाऊन आले. तेव्हापासून कुणी नूडल्सचं नाव काढलं, की ते डोळे अर्धवट मिटून म्हणतात, "तिकडे असं काही नसतंच हो!" नसेल. पण 'तिकडे' म्हणजे नक्की कुठे? लान्चौमध्ये कणीक हातानं ओढून ओढून तिचे दोरे करतात आणि गोमांसाच्या रश्श्यात वाढतात. शान्शी प्रांतात कणकेचा गोळा हातावर धरून सुरीनं त्याच्या चपट्या साली थेट उकळत्या पाण्यात तासतात. यातलं कुठलं खरं आणि कुठलं खोटं? छिंगहाई प्रांतात लाज्या नावाच्या ठिकाणी उत्खननात एका उपड्या वाडग्याखाली सुमारे 4000 वर्षांपूर्वीचे नूडल्स सापडले. 2005 साली ती बातमी प्रसिद्ध झाली. भरडधान्याचे, हातभर लांब, पिवळसर. शुद्धच हवं असेल तर ते तेवढे शुद्ध. पण तेही कुणाला खायला मिळाले नाहीत.

तेव्हा गाडीवरचे नूडल्स चिनी आहेत की नाहीत, हा प्रश्नच चुकीचा. ते एका घराण्याचे आहेत, आणि ते घराणं कलकत्त्याचं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी माणसं कलकत्त्याला येऊन राहिली. कॅन्टनकडचे लोक सुतारकामात होते, हूबेकडचे दात बसवायचे, आणि हक्का लोक चामडं कमावायचे. आपल्याकडच्या सोवळ्या मंडळींनी हात न लावलेला धंदा त्यांनी घेतला आणि टांग्रा भागात चामड्याचे कारखाने उभे केले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितलं. चामडं गेलं, कढई राहिली. आज टांग्राला माणसं जातात ती जेवायला.

याच कलकत्त्याहून नेल्सन वांग मुंबईला आले. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, त्यात तळलेलं चिकन सोडलं आणि त्याला मंचुरियन म्हटलं, असं सांगतात. मंचुरियाला याची वार्ता नव्हती. पण मुंबईच्या सँडविचला तरी मुंबई कुठं विचारून नाव दिलंय?

शेजवानची गंमत तर याहून मोठी. हे मूळचं सिच्वान. 1970च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या गोल्डन ड्रॅगननं ती चव मुंबईतल्या श्रीमंतांना लावली, आणि तिथून ती जिना उतरत उतरत फुटपाथवर आली. उतरताना तिच्या हातून एक वस्तू पडली. सिच्वानच्या तिखटाचा प्राण म्हणजे तिथलं एक मिऱ्यासारखं फळ. त्यानं जीभ भाजत नाही, तिला मुंग्या येतात. आपल्या गाडीवरच्या शेजवानात लाल मिरची असते, लसूण असते, साखर असते, पण ते फळ नसतं. आणि हे फळ कोण? आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ! मालवण-गोव्याकडे बांगड्याच्या आमटीत पडतं ते तिरफळ. म्हणजे खऱ्या सिच्वानचा नातेवाईक कोकणात आजीच्या फडताळात बरणीत बसलाय, आणि आपण स्टेशनबाहेर त्याच्या नावानं लाल रंग खातोय. ज्या दिवशी एखादा मालवणी गाडीवाला शेजवान चटणीत चार तिरफळं ठेचून घालील, त्या दिवशी शांघायचे ते गृहस्थसुद्धा डोळे उघडतील.

आता प्रत्यक्ष समीक्षा. चाऊमीन या शब्दाचा अर्थ 'परतलेले नूडल्स' एवढाच, आणि सगळं शास्त्र त्या 'परतलेले' या शब्दात आहे. नूडल्स आधी उकडून ठेवलेले असतात. ते पुरते शिजलेले नसावेत, भाताच्या भाषेत बोटचेपे असावेत. मग थंड पाणी आणि तेलाचा हात. ही झाली तंबोरा लावण्याची तयारी. खरी मैफल शेगडीवर. ज्वाळा कढईच्या कानापर्यंत यायला हवी आणि पदार्थ तिच्यात दोन-तीन मिनिटांवर राहता कामा नये. कोबीच्या कडा किंचित करपतात, सॉस कढईच्या तापल्या अंगाला लागून जळता जळता राहतो, आणि नूडल्सना एक धुरकट वास लागतो. कॅन्टनी भाषेत याला 'वॉक हेय' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. घरी आपण हे करायला जातो तेव्हा नॉनस्टिक तव्यात जे तयार होतं, तो श्वास नव्हे, उसासा.

हा श्वास कशानं कोंडतो? गर्दीनं. पाचजणांची ऑर्डर एकदम कढईत पडली, की कढई गारठते. कोबी पाणी सोडतो आणि नूडल्स परतले न जाता वाफेवर शिजतात. मग त्यांचा गोळा होतो. तो गोळा सोडवायला आचारी तेल घालतो, फिकटपणा झाकायला सॉस घालतो, आणि सॉसचा खारटपणा लपवायला लाल चटणी. एका चुकीवर दुसरी पांघरायची ही पद्धत आपल्याला कचेरीतून ओळखीची आहे.

म्हणून चांगली गाडी डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधावी. कालथ्याचा कढईवर ठण ठण असा कोरडा, भरभर आवाज येत असेल तर थांबावं. चर्र असा ओला, रेंगाळलेला आवाज आला तर बसस्टॉपकडे वळावं. दुसरी खूण कोबी. तो दातांखाली वाजला पाहिजे. तिसरी खूण बशी. नूडल्स संपल्यावर तिच्या तळाशी तेलाची नुसती झाक असावी, तळं नसावं. आणि शेवटची खूण काटा. तो उचलला की नूडल्स सुटे सुटे वर यावेत. सगळी बशीच काट्याबरोबर उठू लागली, तर पैसे देऊन उठावं.

अजिनोमोटोची भीती मला तितकीशी पटत नाही. जपानमध्ये इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1908 मध्ये समुद्री शेवाळातून या चवीचं मूळ शोधलं. 1968 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, असं त्यात होतं. तेव्हापासून जगाची मान आखडलीय. पुढच्या चाचण्यांत सामान्य प्रमाणातल्या अजिनोमोटोवर तो आरोप काही नीट शाबीत झाला नाही. माझी तक्रार आरोग्याची नाही, वाङ्मयीन आहे. ज्या लेखकाला आशय सापडत नाही तो उद्गारचिन्हं पेरतो. अजिनोमोटो हे उद्गारचिन्ह आहे. एक चिमूट शोभतं. मूठभर पडलं की समजावं, आज कढईला काही म्हणायचं नव्हतं.

आणि ट्रिपल शेजवानबद्दल बोललंच पाहिजे. भात, नूडल्स, वर रस्सा आणि त्यावर तळलेल्या नूडल्सचा चुरा. संगीत नाटक, तमाशा आणि कीर्तन एकाच तिकिटात. पैसे वसूल होतात, पण घरी जाताना गुणगुणायला काही उरत नाही. कसबी आचाऱ्याचीही त्यात माती होते. त्याचे नूडल्स चांगले होते की वाईट, हे रश्श्याखाली कुणाला कळतच नाही. कळत नाही म्हटल्यावर त्यानं जीव का ओतावा? गाड्यांवरचे नूडल्स बिघडले याला महागाई कारण आहे, घाई कारण आहे, पण मुख्य कारण आपण आहोत. आपण दाद देत नाही आणि दोषही दाखवत नाही. नुसतं "एक्स्ट्रा चटणी दे" म्हणतो.

हक्का या शब्दाचा अर्थ 'पाहुणी कुटुंबं'. उत्तर चीनमधून शतकानुशतकं दक्षिणेकडे सरकत आलेल्या या लोकांना त्यांच्याच देशात पाहुणे म्हणत. मग ते आपल्याकडे पाहुणे आले. 1962 च्या युद्धानंतर आपण या पाहुण्यांचं काय केलं? चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांत म्हातारी होती, पोरं होती, इथंच जन्मलेली होती. काहींनी तिथं वर्षं काढली. सुटून आल्यावर पुष्कळांना घर उरलं नव्हतं, दुकान उरलं नव्हतं. मग कितीतरी कुटुंबं कॅनडाला वगैरे निघून गेली. त्यांचे नूडल्स मात्र आपण जाऊ दिले नाहीत. 2020 साली गलवानच्या चकमकीनंतर एका केंद्रीय मंत्र्यांनी चिनी पदार्थांवर बहिष्कार घाला म्हणून सांगितलं. त्या गाडीवर कोबी इथला, कांद्याची पात इथली, मैदा इथला, आणि आचारी कधी दार्जिलिंगचा, कधी नेपाळचा. चिनी काय होतं? ड्रॅगन. आणि तोही आपल्याच पेंटरचा.

मराठीत मात्र भाषेनंच एक न्याय करून ठेवलाय. गाडीवर जाऊन आपण "हक्काचे नूडल्स द्या" म्हणतो, तेव्हा पाहुण्यांचा पदार्थ आपण आपल्या हक्काचा करून टाकलेला असतो. माणसांना जे मिळालं नाही ते त्यांच्या शेवयांना मिळालं. हक्क असला की जबाबदारीही आली. निदान चांगलं-वाईट ओळखून खाण्याची.

तेव्हा उद्या गाडीवर गेलात, की पाचजणांची ऑर्डर एकदम सांगू नका. एकेक प्लेट वेगळी परतायला सांगा. वेळ लागेल, लागू द्या. आचाऱ्याला 'ए बहादूर' म्हणून हाक मारू नका, त्याला नाव असतं, ते विचारा. कोबी वाजला तर त्याला सांगा, नाही वाजला तरी सांगा. पहिल्यांदा तो चमकून बघेल. इतक्या वर्षांत चटणीपलीकडचं असं त्याला कुणी काही बोललेलं नसतं.