सुई तिची, चिठ्ठी कुणाची?

ज्ञानावरील मक्तेदारी पोथीपुरती कधीच नव्हती. बाळंतिणीचे रक्त आणि वार यांना हात लावण्याचे काम अनेक गावांत मांग-महार सुईणींकडे होते. परंतु त्या हातांना ज्ञानी म्हणण्यास समाज तयार नव्हता. श्रम एकाचे आणि अधिकार दुसऱ्याचा, ही विभागणी आधुनिक दवाखान्यात संपली असे आपण समजतो. ती संपलेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

माझी थोरली बहीण बुलढाणा जिल्ह्यात एका उपकेंद्रावर परिचारिका आहे. तिच्या पगारावर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. तेव्हा तटस्थतेचा आव मी आणणार नाही. संग्रामपूर-जळगाव जामोदकडचा खारपाणपट्टा मूत्रपिंडाच्या आजारांनी गांजलेला आहे. तेथे रक्तदाबाची गोळी चुकणे परवडत नाही. अशाच एका मजुराच्या गोळ्या संपल्या. डॉक्टर रजेवर होते. त्याच गोळ्या कपाटात होत्या. ताईने त्या दिल्या आणि कशा घ्यायच्या ते चिठ्ठीवर लिहून खाली सही केली. आठवड्यात तिला 'कारणे दाखवा' नोटीस आली. गोळी चुकीची होती, असे नोटिशीत कोठेही नव्हते. तिने ती लिहून दिली, हाच अपराध होता.

येथे व्यवस्थेची विसंगती उघडी पडते. शासकीय कार्यक्रमातील औषधे वाटण्यापुरती उपकेंद्राच्या परिचारिकेला औषध नियमांतून सूट आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे औषध देण्याची, झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा टोचण्याची मुभा केंद्र शासनाने तिला 2005 नंतर दिली. म्हणजे जीव जाण्याच्या घटकेला तिच्यावर विश्वास आहे. रोजच्या गोळीच्या बाबतीत नाही. सुई चालते, लेखणी चालत नाही.

अडचण शिक्षणाची आहे, असे सांगितले जाते. मग महाराष्ट्राकडेच पाहू. 1992 च्या आदेशाने राज्य शासनाने आयुर्वेदाच्या पदवीधरांना मर्यादित ॲलोपॅथीची वाट मोकळी केली. 2014 च्या कायदादुरुस्तीने एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांनाही ती दिली. त्यांच्याशी माझे भांडण नाही. परंतु चार वर्षांच्या नर्सिंग पदवीत औषधशास्त्र शिकलेल्या मुलीला तोच न्याय का नाही? बहुसंख्य परिचारिका स्त्रिया आहेत, आणि सेवा हा त्यांचा धर्म मानला गेला आहे, हे याचे एक उत्तर आहे. 'सिस्टर' या शब्दातील गोडव्याने अधिकाराचा प्रश्न झाकला जातो.

2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम 32 ने सामुदायिक आरोग्य प्रदात्यांना प्राथमिक उपचारात ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहिण्याची तरतूद केली. त्या कलमात 'परिचारिका' हा शब्द नाही. तरीही त्यावर डॉक्टरांच्या संघटनेने देशव्यापी संप केला. इंग्लंडमध्ये मात्र विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना 2006 पासून जवळजवळ सर्व औषधे लिहिता येतात. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांच्या प्रयोगात 39 गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांनी नवजात बाळांतील जंतुसंसर्ग ओळखला, प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला होता. 'लॅन्सेट'ने 1999 मध्ये हे प्रसिद्ध केले.

आपल्याच कार्यकर्त्यांची एक शंका मात्र खरी आहे. शहराला तज्ज्ञ डॉक्टर आणि वस्ती-तांड्याला नर्स, अशी नवी वर्णव्यवस्था यातून होणार नाही काय? होऊ शकते. रिकामी पदे झाकण्यासाठी शासन या अधिकाराचा वापर करील. म्हणून मागणी अर्धवट करून चालणार नाही. डॉक्टरांची पदे भरलीच पाहिजेत. परिचारिकेला वाढीव प्रशिक्षण, औषधांची निश्चित यादी, गुंतागुंतीचा रुग्ण वर पाठवण्याची सोय, जबाबदारीप्रमाणे वेतन आणि कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. अधिकार न देता जबाबदारी लादणे ही जुनीच वेठबिगारी आहे.

ताईने आता चिठ्ठी लिहिणे बंद केले आहे. ती रक्तदाब मोजते, वहीत आकडा नोंदवते आणि रुग्णाला तालुक्याला जायला सांगते. त्याचा दिवसाचा रोज बुडतो, म्हणून तो बहुधा जात नाही. नियम पाळला जातो. किंमत आपला माणूस मोजतो. हा प्रश्न परिचारिकांच्या संघटनांवर सोडून आपण मोकळे होऊ नये. ग्रामसभेत तो आपणच विचारला पाहिजे.