गारठून मेलेली झाडे, तापणारी पृथ्वी

पृथ्वी तापते आहे, आणि त्यामुळे अलास्कातली झाडे गारठून मरत आहेत. हे वाक्य फळ्यावर लिहिले तर मुले म्हणतील, बाई, काहीतरी उलटे लिहिले गेले! पण ते उलटे नाही. वन-परिस्थितिकीच्या अभ्यासक लॉरेन ओक्स यांचे 'इन सर्च ऑफ द कॅनरी ट्री' (२०१८) हे पुस्तक याच कोड्यातून उभे राहते.

यलो सीडर हा शेकडो वर्षे जगणारा सूचिपर्णी वृक्ष. अलास्का आणि कॅनडाच्या किनारपट्टीवर ४ लाख हेक्टरांहून अधिक जंगलात तो वाळला आहे. पॉल हेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून बुरशी, कीड असे एकेक संशयित तपासले. खरे कारण सापडले मुळांपाशी. पाणथळ जमिनीत या झाडाची मुळे उथळ असतात, आणि वसंताची चाहूल लागताच ती थंडी सोसण्याची ताकद लवकर गमावतात. पूर्वी तोवर जमिनीवर बर्फाची दुलई असे. हिवाळा थोडा उबदार झाला, बर्फाऐवजी पाऊस पडू लागला, दुलई गेली. मग थंडीची एखादी उशिरा आलेली लाट उघडी मुळे गोठवून टाकते. माती उणे ५ अंशांच्या खाली गेली, की मुळांना इजा होते.

ओक्स यांनी पुढचा प्रश्न विचारला: सीडर गेल्यावर त्या जंगलाचे काय होते? शंभर वर्षे थांबून पाहणे तर शक्य नव्हते. पण हे लाकूड सहसा कुजत नाही. मेलेली झाडे दशकानुदशके उभी राहतात. म्हणून नुकतीच मेलेली, पूर्वी मेलेली आणि अजून हिरवी अशी जंगले शेजारी ठेवून त्यांनी काळाचा क्रम वाचला. सीडरची जागा हेमलॉक घेतो आहे, हे त्यातून दिसले. पुस्तकाचा हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला.

आमचा आक्षेप आहे तो शीर्षकाला. खाणीतला कॅनरी पक्षी कोसळला, की तीच विषारी हवा माणसालाही मारणार असे. इथे मात्र सीडर मरतो आणि त्याच हवेत शेजारचा हेमलॉक वाढतो. म्हणजे हे झाड सर्वांच्या वतीने मरत नाही. स्वतःच्या मुळांच्या स्वभावामुळे मरते. शिवाय ही मरतूक १९ व्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, हेही 'इशाऱ्या'च्या सोप्या गोष्टीत बसत नाही. उत्तरार्धात लेखिका स्थानिक माणसांकडे आणि स्वतःच्या आशा-निराशेकडे वळतात. ते लेखन प्रामाणिक आहे, पण तिथे ही उपमा अधिकच ताणली जाते.

हवामान बदलाने सगळी जंगले एकाच रीतीने मरत नाहीत. कोणते झाड, कोणती माती, कोणता महिना, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने विचारावे लागते. मुलांना घाबरवणारी उपमा देण्यापेक्षा हे विचारायला शिकवणे अधिक उपयोगाचे. त्यासाठी हे पुस्तक जरूर वाचावे. फक्त शीर्षक जरा बाजूला ठेवून.