दिवा घरातल्यांना दिसतो का? ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

कुरुळीत ख्रिस्ती साक्षीबद्दल बोलायचं तर देहू-आळंदीला वळसा घालून जाता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतःच मानत, की तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो. म्हणून आज आपण त्यांच्या घरातलं पुस्तक हाती घेतलंय: लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ते भागाभागानं प्रसिद्ध झालं.

दिवा मापाखाली झाकू नये, दिवठणीवर ठेवावा, हा येशूचा दृष्टांत सगळ्यांना पाठ असतो. आपण त्याचा अर्थ बहुधा ‘लोकांना दिसावं’ असा घेतो. पण मूळ दृष्टांतात दिवा ‘घरातल्या सर्वांना’ उजेड देतो. आधी घर, मग गाव. टिळकांची खरी परीक्षा इथंच होते, आणि आमच्या मते समीक्षेनं ती टाळू नये.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीची संमती नव्हती. त्यानंतर काही वर्षं लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. म्हणजे ज्यांच्या कवितांनी मराठी चर्चला स्वतःचा आवाज दिला, त्यांच्या श्रद्धेचा पहिला चटका त्यांच्याच चुलीला बसला. लक्ष्मीबाई हे लपवत नाहीत. टिळकांचा शीघ्रकोप, पैशाबाबतची बेफिकिरी, सगळं येतं. पण सूड म्हणून नाही, हसत हसत.

काहींना वाटेल, यानं साक्ष कमकुवत होते. आम्हाला उलट वाटतं. संतचरित्रात माणूस पहिल्या पानापासून उजळलेला असतो, म्हणून त्याचा उजेड आपल्या अंगणात पडत नाही. इथं मात्र बदल होताना दिसतो. नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळं सांभाळणारी ही बाई एक दिवस स्वतःच विचार करते, की जात देवानं केली की माणसानं? आणि कुणाच्याही हातचं खायला मोकळी होते. कुणी प्रवचन दिलेलं नसतं. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. विचार आधी वागण्यात उतरला, विधी मागाहून आला.

उलट ‘ख्रिस्तायन’ बघा. टिळकांनी सुरू केलेलं हे महाकाव्य ते १९१९ मध्ये गेल्यावर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. निष्ठा मोठी, कष्ट त्याहून मोठे. तरी आज वाचक आपणहून वळतो तो ‘स्मृतिचित्रे’कडे. कारण तिथं ख्रिस्ताचं वर्णन कमी आणि त्याच्यामुळे बदललेलं घर जास्त आहे.

पुस्तकाची एक मर्यादाही सांगू. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. एवढं धाडसी पाऊल कोणत्या विचारातून आलं, ते या आठवणींतून पुरेसं उलगडत नाही. घरची बाजू जितकी भरते, तितकी ही भरत नाही.

तरी आपल्यासाठी प्रश्न उरतोच. चाकण पट्ट्यात कुणी नगरहून आलाय, कुणी लातूरहून. एका खोलीत चौघं, पाळ्या वेगवेगळ्या. तिथं गळ्यातला क्रूस कुणी बघत नाही. रात्रपाळीहून आलेल्याला झोपू देतो का, आजारी पडलेल्याला दवाखान्यात नेतो का, हे बघतात. आपल्या श्रद्धेबद्दल सोबत राहणारा माणूस उद्या लिहायला बसला, तर काय लिहील? लक्ष्मीबाईंनी लिहिलं, आणि टिळक त्यातून लहान झाले नाहीत.