एका पत्राला दोन उत्तरं

१ जानेवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष, शहात्तर वर्षांचे जॉन अ‍ॅडम्स यांनी एक छोटंसं पत्र लिहिलं. ते जाणार होतं व्हर्जिनियातल्या माँटिचेलोला, अडुसष्ट वर्षांच्या थॉमस जेफरसन यांच्याकडे. मजकूर साधाच होता. तुम्हाला देशी मालाचं, त्यातही घरगुती मालाचं अगत्य आहे, म्हणून आमच्या भागात नुकतेच तयार झालेले घरच्या सुताचे दोन नग टपालाने पाठवतो आहे; ज्याने ते तयार केले त्याला लहानपणी तुमची माया लाभली होती.

पत्र आधी पोचलं, पुडकं मागे राहिलं. जेफरसन यांनी २१ जानेवारीला उत्तर लिहिलं आणि सुरुवातच केली ती कापडापासून. आमच्या व्हर्जिनियात घरोघरी सूत निघतं, माणशी एक मेंढी पाळली की लोकर पुरते, कापूस आणि ताग शेतातलाच, चरखा नि माग घरच्या घरी चालतो, त्याहून अवघड यंत्र मात्र आम्हाला झेपत नाही, अशी सविस्तर माहिती त्यांनी दिली. दोनच दिवसांत पुडकं हाती आलं. आत कापडाचा धागाही नव्हता. अ‍ॅडम्स यांचे चिरंजीव जॉन क्विन्सी यांनी हार्वर्डमध्ये वक्तृत्वशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानांचे ते दोन खंड होते.

या पत्रव्यवहाराची गोडी मला पहिल्यांदा लागली ती इथे. अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर पहिलं पाऊल टाकणारा माणूस बावरलेला आहे, म्हणून तो थट्टेच्या आडून बोलतो. समोरचाही तितकाच बावरलेला आहे, म्हणून थट्टा न कळता तो माहितीच्या आडोशाला जातो. पुढे साडेचौदा वर्षं हे दोघं एकमेकांना असेच भेटत राहिले: एकाचा स्वभाव उसळून बोलण्याचा, दुसऱ्याचा सावरून.

त्याच उत्तरात, कापडाचं पुराण आवरल्यावर, जेफरसन यांची लेखणी एकदम ओली होते. तुमच्या पत्राने मला त्या दिवसांत नेलं, आपण एकाच ध्येयासाठी एकाच वल्ह्याला हात लावून होतो, असं ते लिहितात. वर्तमानपत्रं सोडली, आता टॅसिटस, थ्युसिडिडीज, न्यूटन आणि युक्लिड वाचतो, जास्त सुखात आहे, असंही सांगतात. मग ते अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी कोण उरलं ते मोजतात. पोटोमॅक नदीच्या तुमच्या बाजूला जेमतेम पाच-सहा जण, माझ्या बाजूला मी एकटा. घरात लेक, नातवंडं, पाहुण्यांची रीघ, आणि तरी हा माणूस स्वतःला एकटा मोजतो. ज्यांना १७७६चं साल सांगावं लागत नाही, अशी माणसं संपत आली होती. दोघांच्या म्हातारपणाचा एकटेपणा हा होता.

मैत्री जुनी होती आणि तितकीच अवघडही. १७७६ मध्ये जाहीरनाम्याच्या मसुदा समितीत दोघं होते. मसुदा जेफरसन यांनी लिहिला, सभागृहात त्याच्यासाठी भांडले अ‍ॅडम्स. पुढे पॅरिस आणि लंडनमधल्या वकिलातीच्या काळात दोन्ही घरं एक झाली. १७८६ च्या वसंतात दोघांनी मिळून इंग्लंडमधल्या बागा पाहिल्या. बुटके, जाड, तापट अ‍ॅडम्स आणि सहा फुटांहून उंच, मितभाषी, कर्जात बुडालेले पण राहणीत सरदारी जेफरसन. मग पक्ष आले. १७९६ मध्ये अ‍ॅडम्स तीन मतांनी जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले आणि जेफरसन त्यांचे उपाध्यक्ष; १८०० मध्ये जेफरसन यांनी त्यांना हरवलं. नव्या अध्यक्षाचा शपथविधी न पाहता ४ मार्च १८०१ च्या पहाटेच अ‍ॅडम्स राजधानीतून निघून गेले.

समेट घडवला तो तिसऱ्या माणसाने. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश दोघांचे स्नेही, तेही जाहीरनाम्यावर सही केलेले. ऑक्टोबर १८०९ मध्ये त्यांनी अ‍ॅडम्स यांना कळवलं की आपल्याला एक स्वप्न पडलं: दोघांनी पुन्हा पत्रं लिहायला सुरुवात केली आणि पुढे दोघं जवळजवळ एकाच वेळी गेले. १८११ मध्ये व्हर्जिनियाचे दोन तरुण क्विन्सीला आले, तेव्हा अ‍ॅडम्स त्यांच्यापुढे बोलून गेले की जेफरसनवर माझं प्रेम होतं आणि आजही आहे. ते वाक्य माँटिचेलोला पोचलं. रश यांनी मग दोन्हीकडून नेट लावला.

इथे मला राहून राहून आपले टिळक आणि आगरकर आठवतात. डेक्कन कॉलेजातले मित्र, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढलेले, मग मतभेद, केसरी सुटला, सुधारक निघाला, आणि दोघांनी एकमेकांवर लेखणी अशी चालवली की आजही वाचताना चटका बसतो. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांना जे मिळालं ते म्हणजे भांडणानंतरचं लांबलचक, निवांत आयुष्य. टिळक-आगरकरांना ते मिळालं असतं तर मराठीत कोणती पत्रं लिहिली गेली असती, या विचाराने जीव हळहळतो.

१८१२ ते १८२६ या काळात दोघांमध्ये दीडशेहून अधिक पत्रं झाली आणि त्यांत जेफरसन यांच्या एका पत्रामागे अ‍ॅडम्स यांची दोनहून अधिक आहेत. अ‍ॅडम्स उत्तराची वाट पाहत नाहीत. एका पत्रात पाच प्रश्न विचारतात, तिसऱ्या दिवशी स्वतःच त्यांतल्या दोनांची उत्तरं देतात आणि पाचव्या दिवशी ती खोडतात. त्यांची वाक्यं धापा टाकत येतात, मधेच ग्रीक कवी, मधेच बायबल, मधेच जुन्या अपमानाची खपली. जेफरसन यांचं पत्र मात्र घोटून आलेलं असतं. त्यांच्या टेबलावर दोन लेखण्या जोडलेलं यंत्र होतं. एक लेखणी हाताने चालवली की दुसरी आपोआप नक्कल उतरवी. जो माणूस आपल्या प्रत्येक पत्राची प्रत ठेवतो तो वाक्य सैल सोडणार नाही. तरीही या असमान जोडीत मला ओढ जास्त वाटते ती अ‍ॅडम्स यांची. मान आणि कीर्ती जेफरसनच्या वाट्याला अधिक आली हे त्यांना बोचत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

१८१३ चा उन्हाळा पाहावा. एप्रिलमध्ये रश वारले. त्याच सुमारास जेफरसन यांची काही जुनी खासगी पत्रं छापून आली, त्यांत अ‍ॅडम्स यांच्याविषयी कडू शब्द होते. अ‍ॅडम्स यांचा बांध फुटला. जून-जुलैमध्ये त्यांनी पत्रामागून पत्रं धाडली, जाब विचारला, वकिली केली. मैत्री पुन्हा तुटायला एवढं पुरेसं होतं. पण जुलैच्या मध्यावर त्यांनी लिहिलं की आपण एकमेकांना स्वतःविषयी नीट समजावून सांगितल्याशिवाय दोघांनीही मरता कामा नये. जाब विचारणारा माणूस त्या एका वाक्यात आर्जव करणारा होतो. पुढचं सगळं त्या आर्जवावर उभं आहे.

समजावून सांगितलं म्हणजे पटलं असं मात्र झालं नाही. ऑक्टोबर १८१३ मध्ये जेफरसन यांनी लिहिलं की सद्गुण आणि बुद्धी यांच्या जोरावर वर येणारे हेच खरे श्रेष्ठ. पैसा आणि कूळ यांचं श्रेष्ठत्व नकली, आणि लोक निवडणुकीत खऱ्याला ओळखतात. अ‍ॅडम्स यांनी उलट विचारलं: आणि रूपाचं काय? रूप, संपत्ती, कूळ, बुद्धी, सद्गुण हे पाच खांब; पहिल्या तिन्हींपैकी एक जरी पुढे आला तरी शेवटचे दोन आडवे होतात. आज कुठल्याही लोकशाहीत राहणारा वाचक, मग तो पुण्याचा असो की न्यू जर्सीचा, अ‍ॅडम्सच्या बाजूने मान डोलावेल. जेफरसन यांनी वाद ताणला नाही. आपण दोघांनी आयुष्यभर विचार करून जी मतं बांधली ती बदलण्यासाठी मी लिहीत नाही, असं त्यांचं धोरण होतं.

सगळ्यात सुंदर प्रकरण मात्र दुःखाचं आहे. मार्च १८१६ मध्ये अ‍ॅडम्स यांनी विचारलं, हे आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर जगाल का? जेफरसन यांनी हो म्हटलं. मी आशेला नावेच्या नाळेवर बसवतो आणि भीती मागे टाकतो, असं सांगून त्यांनी उलट प्रश्न केला: निसर्गाने बाकी सगळ्या भावना काही हेतूने दिल्या असतील, पण शोक कशाला दिला? अ‍ॅडम्स यांना असा प्रश्न म्हणजे पर्वणी. शोक माणसाला विचार करायला लावतो, मन मऊ करतो, थोरामोठ्यांची चित्रं पाहा, त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या शोकानेच कोरलेल्या असतात, असं त्यांनी पानं भरून लिहिलं. हे लिहिणाऱ्याने तीन वर्षांपूर्वीच एकुलती एक मोठी झालेली लेक कर्करोगाने गमावली होती. विचारणाऱ्याची पत्नी १७८२ मध्येच गेली होती, आणि तिच्यापासून झालेल्या सहा मुलांपैकी एकच लेक उरली होती. शोक कशाला, हा प्रश्न जेफरसन यांच्या तोंडी पुस्तकी नव्हता. त्यांनी तो सहन होत नव्हता म्हणून विचारला होता, असं मला वाटतं.

ऑक्टोबर १८१८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी कळवलं की पत्नी अ‍ॅबिगेल मरणशय्येवर आहे. २८ तारखेला ती गेली. चोपन्न वर्षांचा संसार. जेफरसन यांना बातमी वर्तमानपत्रातून कळली आणि १३ नोव्हेंबरला त्यांनी पत्र लिहिलं. ते फार छोटं आहे. मीही प्रत्येक नातं गमावून याच शाळेत शिकलो आहे, असं ते म्हणतात; काळ आणि मौन हीच दोन औषधं, म्हणून पोकळ सांत्वन करून मी तुमच्या अश्रूंचा बांध पुन्हा फोडणार नाही; आणि ज्यांच्यावर प्रेम केलं त्यांच्या भेटीला जायची आपली वेळही आता फार लांब नाही. शोक कशाला असं विचारणारा माणूस इथे स्वतःच उत्तर देतो, आणि तेही आपला जुना वाद आठवून न देता. अ‍ॅबिगेलशी त्याचा स्वतंत्र हिशेब होता: १७८७ मध्ये त्याच्या आठ वर्षांच्या लेकीला, पोलीला, लंडनमध्ये तिने सांभाळलं होतं, आणि १८०४ मध्ये पोली गेली तेव्हा राजकीय वैर बाजूला ठेवून तिनेच सांत्वनाचं पत्र लिहिलं होतं. तो पत्रव्यवहार पुढे कडवट होऊन थांबला. १३ नोव्हेंबरच्या त्या मोजक्या ओळींत जेफरसन यांनी तिचंही देणं फेडलं.

या पत्रांमध्ये एक जागा आहे जिथे रस आटतो. तिथे थांबायलाच हवं. अ‍ॅडम्स यांनी कधी गुलाम ठेवले नाहीत. जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती. माणशी एक मेंढीच्या त्या पहिल्या पत्रात घरोघरी सूत निघतं असं ते लिहितात, पण माँटिचेलोत ते सूत गुलाम बायका आणि मुलं काढत होती. फेब्रुवारी १८२१ मध्ये, मिसूरी राज्यात गुलामगिरी असावी का हा वाद पेटलेला असताना, अ‍ॅडम्स यांनी लिहिलं की गुलामगिरीचा काळा ढग मी अर्धशतक या देशावर पाहतो आहे, त्याने मी भेदरतो, पण तो प्रश्न मी तुम्हा दक्षिणेकडच्यांवर सोडला आहे. जो माणूस रूप आणि कूळ यांवर पानंच्या पानं भांडतो, तो इथे दार लोटून घेतो. मैत्री टिकवायला हे मौन लागलं असेल. त्याची किंमत मात्र दोघांपैकी कोणीच भरली नाही. जेफरसन यांच्या मृत्यूनंतर, जानेवारी १८२७ मध्ये, त्यांचं कर्ज फेडण्यासाठी माँटिचेलोवर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला.

१८२३ मध्ये पुन्हा कागद फुटले, या वेळी अ‍ॅडम्स यांचे. रागाच्या वर्षांत त्यांनी एका परिचिताला लिहिलेली पत्रं त्याच्या मुलाने छापली आणि त्यांत जेफरसन यांना बोल लावले होते. जेफरसन यांनी १२ ऑक्टोबरला लिहिलं: आपल्या उतारवयाच्या उशीवर कोणीतरी काटे पेरायला बघतो आहे, पण पन्नास वर्षांचा स्नेह असा हलणार नाही, हे मनातून काढून टाका. क्विन्सीला हे पत्र न्याहारीच्या वेळी आलं. अ‍ॅडम्स यांना आता डोळ्यांनी वाचवत नव्हतं, हात कापत असल्याने लिहिणंही घरातल्या मुलींना सांगून होई. त्यांनी एका मुलीला पाकीट फोडायला सांगितलं. जेफरसनचं आहे म्हणताच ते म्हणाले, आत काय आहे ते मला वाचायच्या आधीच ठाऊक आहे; आमच्यात गुपित नाही, मोठ्याने वाच. वाचून झाल्यावर सगळं टेबल वाहवा करू लागलं. माझी अपेक्षा हीच होती, फक्त त्याने ती कितीतरी चांगल्या शब्दांत मांडली, असं त्यांनी उलट कळवलं. जेफरसन यांचा उजवा हात पॅरिसमध्ये मनगटातून मोडून अधू झालेला, १८२२ च्या अखेरीस डावाही मोडलेला. अशा हातांनी त्यांनी ते पत्र लिहिलं होतं.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी, दोघंही गेले. जेफरसन दुपारी, अ‍ॅडम्स संध्याकाळी. रश यांच्या स्वप्नाची आठवण तेव्हा कोणाला झाली असेल का, कोण जाणे. मला या दोघांचा निरोप वाटतो तो त्याआधीच्या दोन पत्रांमध्ये. मार्चमध्ये जेफरसन यांचा नातू बॉस्टनला निघाला. अ‍ॅडम्सना न भेटता परतलो तर काहीच पाहिलं नाही असं त्याला वाटेल, असं आजोबांनी लिहिलं. म्हातारपणी हिवाळ्याच्या रात्री शेकोटीपाशी त्याला सांगायचं असेल की वीरांच्या युगातली माणसं मी डोळ्यांनी पाहिली. १७ एप्रिलला अ‍ॅडम्स यांचं उत्तर गेलं. तुमची मंडळी इथे इतकी गाजते की एकालाही जेवायला बोलावता येत नाही, सगळ्यांची आमंत्रणं आधीच ठरलेली. आणि तुम्ही व्हर्जिनियाचे लोक एवढे राक्षसासारखे उंच कसे? तुमच्या नातवापुढे आम्ही सगळे बुटबैंगण दिसतो. राजकारण म्हणाल तर नेहमीचीच लबाडी चालू आहे, फक्त शिवीगाळ पूर्वीपेक्षा जरा जास्त झाली आहे.