मुखडा ठेवला, नाव कापलं

भीमगीतांच्या डीजे मिक्सवरून आपल्यात दोन तट पडलेत. शिकलेले, नोकरीला लागलेले, वस्ती सोडून कॉलनीत गेलेले म्हणतात, पोरांनी भीमगीताचा धिंगाणा केला. जयंतीला नुसते छातीत दणके बसतात, शब्द कळत नाहीत, प्रबोधन संपलं. मिक्स करणारी पोरं म्हणतात, तुमची भाषणं कोण ऐकतंय? आमच्या ठोक्यावर अख्खी वस्ती नाचते. दोन्हीकडून बोललं भरपूर जातं. पण गाणं म्हणून त्याची चिकित्सा कुणी करत नाही. ती करावी म्हणून हे लिहितोय. मी संगीत शिकलेलो नाही. सूतगिरणीत पाळी करतो, कविता लिहितो. कान शाबूत आहेत. तेवढं भांडवल पुरे.

आधी पहिल्या तटाकडं बघू. 'ह्याला काय संगीत म्हणायचं?' हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. दलित कविता आली तेव्हा 'हिला काय कविता म्हणायची?' असं विचारणारी माणसं वेगळी होती, पण वाक्य हेच होतं. आज आपलीच माणसं तेच वाक्य आपल्याच पोरांवर फेकतात, याचा त्यांनी विचार करावा.

हे मिक्स होतं कसं, ते तरी माहीत आहे का? दहा बाय दहाची खोली. जुना लॅपटॉप, हेडफोन, जमलं तर एक माईक. खिडकीला गोधडी टांगली की झाला स्टुडिओ. १९९७ साली बेल्जियममध्ये 'फ्रूटीलूप्स' नावाचा प्रोग्राम निघाला, पुढं त्याचं नाव 'एफएल स्टुडिओ' झालं. तो किंवा तसलाच एखादा प्रोग्राम घेऊन पोरं बसतात. मास्तर नाही, क्लास नाही. एक पोरगा दुसऱ्याला दाखवतो. ठोक्यांचा साठा पेनड्राईव्हवरून हातोहात फिरतो. मिक्स तयार झालं की यूट्यूबवर, व्हॉट्सॲपवर फुकट. मिरवणुकीत आपलं वाजलं, हीच बहुतेकांची मजुरी.

यात कसब नाही म्हणणाऱ्यानं एकदा करून बघावं. जुनी गाणी गायक, ढोलकीवाला, पेटीवाला समोरासमोर बसून गायलेली. त्यांची लय श्वासासोबत पुढं-मागं होते. कॉम्प्युटरचा ठोका मात्र तसूभर हलत नाही. म्हणून पोरगा ते गाणं ओळीओळीनं कापतो, ताणतो, दाबतो आणि ठोक्यावर नेऊन बसवतो. गळा ओढाताणीत फाटू द्यायचा नाही, हे त्यातलं अवघड काम. २०१९ साली 'स्प्लीटर' नावाचं फुकट साधन आलं आणि जुन्या रेकॉर्डिंगमधून गळा आणि वाद्यं वेगळी काढणं घरच्या घरी जमू लागलं.

हे सगळं आभाळातून पडलेलं नाही. एकेकाळी तबकडी निघणार कुणाची, हे एचएमव्हीसारखी कंपनी ठरवायची. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि ती मक्तेदारी मोडली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटी मांडल्या गेल्या. पुढं सीडी आल्या, मग मेमरी कार्डं. प्रत्येक वेळी हत्यार आणखी खालच्या हातात आलं. घरातला लॅपटॉप ही त्याच्याच पुढची पायरी.

आणि 'तेच तेच काय वाजवता?' हा आक्षेप. आम्ही आठ आठ तास यंत्राच्या एकाच आवाजात उभे असतो. नवख्याला तो नुसता गोंगाट. कान मुरला की त्यात एवढासा बदल झाला तरी कळतो. कुठं बेअरिंग वाजतंय, कुठला पट्टा ढिला झालाय, न बघता सांगता येतं. तेच तेच ऐकणं म्हणजे कान बधिर होणं नव्हे. उलट फरक तिथंच ऐकू येतो.

हे फक्त आपल्याकडं झालं असंही नाही. १९७२ साली आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्यांच्या घरगुती संगीताचा हिशोबही बघून घेऊ. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटानं उडवला, हजारो लोकांनी टाळ्या पिटल्या. डिस्को हे मुख्यतः काळ्यांचं, समलिंगींचं नाचाचं संगीत. त्यानंतर त्याच शहरात काळ्या पोरांनी स्वस्त यंत्रं घेऊन घरीच जे संगीत उभं केलं, त्याला पुढं 'हाऊस' नाव पडलं. त्यातला मार्शल जेफरसन पोस्टात नोकरी करायचा. १९८६ चं त्याचं 'मूव्ह युअर बॉडी' जगभर वाजलं. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८१ साली 'टीबी-३०३' नावाचं छोटं यंत्र काढलं होतं, एकट्या गिटारवाल्याला साथ म्हणून. ते खपलं नाही. १९८४ ला बंद झालं आणि जुन्या बाजारात मातीमोल विकलं गेलं. 'फ्यूचर' या गटाच्या पोरांनी तसलंच एक घेतलं, बटणं वेडीवाकडी पिळली आणि आधी कुणी न ऐकलेला आवाज काढला. त्याची टेप नेली रॉन हार्डी या डीजेकडं. त्यानं ती वाजवली, परत परत वाजवली. १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' नावानं तिची तबकडी निघाली. कंपनीच्या मनात नव्हतं ते यंत्राकडून बोलवून घेणं, ही कला आहे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या शिकागोच्या दोघांची १९८० च्या दशकातली गाणी ट्रॅक्स कंपनीनं काढली. गाणी जगभर गेली. आमचे पैसे दिले नाहीत, आमचे हक्क आम्हाला द्या, म्हणून दोघांना २०२० साली कोर्टात जावं लागलं. २०२२ ला तडजोड झाली आणि हक्क परत आले. तोवर उमेदीची वर्षं निघून गेली होती. आवाज राहतो, नाव आणि हक्क गळून पडतात, ते असे.

आता पोरांनो, तुमच्याकडं वळतो. तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली तालाची. कितीतरी भीमगीतांचा ताल केरवा. आठ मात्रा, पहिलीवर सम, पाचवीवर खाली. खालीला ढोलकीवाल्याचा घुमाऱ्याचा हात उचलला जातो, थोडी मोकळी जागा होते, आणि त्या जागेत शब्द उभा राहतो. तुम्ही एकाआड एक मात्रेवर सारखाच दणका ठेवता. खाली बुजते. शब्द कळत नाहीत ते आवाज मोठा म्हणून नव्हे. त्यांना उभं राहायला जागाच ठेवली नाही म्हणून.

दुसरी रचनेची. आपल्या शाहिरांचं गाणं म्हणजे युक्तिवाद असतो. कडव्यात हकीकत येते, पुरावा येतो, काल काय होतो आणि आज काय झालो याचा जमाखर्च येतो. मग मुखडा निकाल देतो. तुम्ही फक्त मुखडा घेता आणि फिरवता. पुराव्याशिवाय निकाल म्हणजे घोषणा. घोषणा वाईट नाही, पण शाहिरानं नुसती घोषणा लिहिली नव्हती.

तिसरी सगळ्यात गंभीर. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. ही चाल जुनी. चोखोबांना देवळात पाय ठेवू दिला नाही, पण अभंगात त्यांनी 'चोखा' लिहून ठेवलं म्हणून ते आजवर पुसता आलं नाही. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी 'वामन' येतो. ज्याच्याकडं छापखाना नाही, कंपनी नाही, वकील नाही, त्याची सही ती. कॅसेटवरचं नाव पुसलं गेलं तरी गाण्यातलं नाव गायकाच्या तोंडून निघायचंच. मुखडाच फिरवत ठेवणाऱ्या मिक्समध्ये शेवटचं कडवं येतच नाही. म्हणजे कुणी शत्रूनं नाही, आपल्याच पोरानं, प्रेमानं, ती सही कापून टाकली.

आणि गंमत बघा. त्याच मिक्समध्ये दर अर्ध्या मिनिटाला भारदस्त आवाजात डीजेचं स्वतःचं नाव येतं. का घालता ते? कुणी चोरू नये म्हणून. बरोबर आहे, घाला. पण म्हणजे नावाची किंमत तुम्हाला कळते. मग वामनदादांच्या नावाची का कळत नाही?

कायदाही हेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम म्हणतं की हक्क विकले तरी 'ही कृती माझी' असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार राहतो. वामनदादा २००४ साली गेले. कवीच्या पश्चात साठ वर्षं हक्क चालतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. पण कायद्याचा धाक घालायला मी बसलेलो नाही. फुकट वाटता, वाटा. नाव लिहायला पैसे पडत नाहीत.

करायचं काय, तर थोडंच. फाईलच्या नावात कवी, गायक, संगीतकार लिहा, मग स्वतःचं लिहा. शेवटचं कडवं अख्खं ठेवा, आणि तेवढ्या वेळ दणका थांबवून ढोलकी एकटी वाजू द्या. थांबलेला ठोका परत येतो तेव्हा किती जोरात लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि तो माईक घेऊन म्हाताऱ्या शाहिरांच्या घरी जा. ज्यांची कधी कॅसेट निघाली नाही, ज्यांची गाणी वहीत पडून आहेत, त्यांचा गळा टेपून घ्या. ते रेकॉर्डिंग आधी जसंच्या तसं जपा, मिक्स नंतर करा. वही वाळवी खाईल आणि माणूस थांबणार नाही.

शिकलेल्यांनी नाक मुरडणं सोडून या खोल्यांत जाऊन बसावं, कुठलं कडवं कुणाचं ते पोरांना सांगावं. माझं पटत नसेल त्यानं खुशाल लिहावं. पान रिकामं आहे. फक्त खाली नाव घालावं.